डांबराचा डाग

‘आठ सामने खेळलो, आठही हरलो,’ एवढं लिहून वच्छलानं टाक खाली ठेवला. पुढचं वाक्य शिवी झालं असतं, आणि उमातीर कॉलेजच्या वार्षिकात शिव्या छापत नसत.

वार्षिकातला बास्केटबॉलचा आढावा दरसाल तीच लिहीत असे. खाली नाव मात्र नवऱ्याचं, प्रा. गुणवंतराव, क्रीडाप्रमुख. गुणवंतराव इतिहास शिकवीत. कॉलेज नवं होतं, माणसं कमी होती, तेव्हा कुणीतरी शिट्टी त्यांच्या गळ्यात अडकवली होती, आणि ती तशीच राहिली. चेंडू हातात आला की ते तो गरम भांड्यासारखा धरीत. वच्छला नागपूरच्या मुलींच्या कॉलेजातून तीन वर्षं खेळली होती, तीही पदर खोचून. चांदा जिल्ह्यातल्या मूल गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलत कुणी नव्हतं.

यंदाचा आढावा मात्र नुसता छापायचा नव्हता. आज पाचला कॉलेजची कमिटी बसणार होती, अध्यक्ष देवाजी. आढावा तिथं वाचला जाणार, आणि त्याच्या आधारावर चैतू माडावीला वसतिगृहातून काढायचं ठरणार. चैतूला तिथली जागा खेळाडू म्हणून मिळाली होती. इंटरची परीक्षा दीड महिन्यावर. घर भामरागडच्या जंगलाच्याही आत. मूलमध्ये त्याला ओळखीचं म्हणावं असं एक दार नव्हतं. आज जागा गेली की इंटर गेलं, आणि इंटर गेलं की पोरगा पुन्हा कॉलेजचं तोंड पाहायचा नाही.

“लिहिलंस का?” गुणवंतराव कोट चढवत म्हणाले.

“काय लिहू? तुम्हीच सांगा. तुमचंच नाव आहे खाली.”

“वच्छला, उगाच तोंड करू नको. देवाजी म्हणतात ते दोन ओळीत घाल. जंगलातला पोट्टा, शहर पाहून बुजला, हात गळाले, म्हणून हरलो.”

“आणि तुम्ही काय म्हणता?”

“मी काय म्हणणार? आकडेच तसे आहेत. नथ्थूनं दहात तीन तरी टाकले. हा दहात एक नाही. तूच तर वहीत लिहिलंस.”

ती वही वच्छलाच्या मांडीखाली होती. तिनं ती आणखी आत सरकवली.

“नथ्थू सरावाला येत नाही. धानाची मळणी, मामेबहिणीचं लग्न, पोट दुखलं. आणि तो कप्तान, कारण तो देवाजींचा पुतण्या. चैतू सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. मी पाहते ना रोज, या पोरीला घेऊन तिथंच तर बसते! इथं मैदानावर तो दहात नऊ टाकतो. तो बुजला म्हणता? अंधारात अस्वलाच्या वाटेनं शाळेत गेलेला पोरगा नागपूरचे चार विजेचे दिवे पाहून बुजला?”

“मग का चुकला?”

तिनं टाक उचलला आणि परत ठेवला. गुणवंतराव उंबऱ्यात चपला चढवत म्हणाले, “साडेचारपर्यंत दे. नाहीतर मी आपल्या हातानं लिहीन. मग व्याकरणाच्या चुका निघाल्या तर मला बोलू नको.”

ते गेले. वच्छलानं वही काढली.

पाठकोऱ्या कागदांची, तिनंच शिवलेली वही. दर सामन्याचं एक पान. नागपूरच्या आठांपैकी पाच सामने तिनं स्वतः पाहिले होते, माहेरचं निमित्त काढून, छोट्या रेल्वेगाडीच्या धुरात लेकीचं, कुंदाचं तोंड पदरानं झाकून. कुणी टाकला, किती पडला आणि चुकला तर कुठं चुकला हे सगळं तिनं मांडलं होतं. पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं. चैतूच्या नावापुढं सगळीकडं एकच शब्द होता. पुढं. पुढं. पुढं. चेंडू सरळ जाई, छान फिरत जाई आणि रिंगच्या पुढच्या ओठावर आपटून परत येई.

शेवटच्या सामन्याच्या पानावर तिनं काहीच लिहिलं नव्हतं. त्या दिवशी ती कुंदाला काखेत मारून रेषेपर्यंत धावली होती आणि ओरडली होती, “आखूड पडतंय रे! जोर लाव! हातात जीव नाही का तुझ्या?” आणि त्यानं जोर लावला होता. पुढचे तीन चेंडू रिंगमागच्या फळीच्या वरून गेले. लोक हसले. चैतूनं एकदाच तिच्याकडं पाहिलं, आणि नंतर उरलेला सामना त्यानं चेंडू मागितलाच नाही. देवाजी मागेच बसले होते. गावी येऊन त्यांनी तेच सांगितलं. “मास्तरीणबाई सुद्धा म्हणाल्या, हातात जीव नाई म्हणून.”

तिनं मागच्या वर्षांची पानं काढली. पहिल्या हंगामात आठात पाच जिंकले होते. दुसऱ्यात तीन. तिसऱ्यात एक. यंदा शून्य. पोरं तर दरसाल बरीच येत होती! चैतूसारखा तर आलाच नव्हता कधी. मग हे उतरंडीसारखं खाली खाली काय चाललं होतं?

कुंदा खोकली. वच्छलाचा हात आधी तिच्या कपाळावर गेला, मग छातीवर. दहा महिन्यांची पोर, दात येत होते, आणि दातांबरोबर येणारं सगळं येत होतं. ताप नव्हता. तिनं पोरीला झोळीत घातलं, दोरी ओढली. झोळी जुन्या निळ्या लुगड्याची होती. काठाच्या वर, वीतभर अंतरावर, काळा डाग होता. रॉकेलनं घासला, रिठ्यानं घासला, गेला नाही, म्हणून तर लुगड्याची झोळी झाली.

झोळी आली, डाग आला. झोळी गेली, डाग गेला.

तो डाग खांबाचा होता. चार वर्षांपूर्वी मैदानाचं उद्घाटन झालं तेव्हाचा. ती नुकतीच लग्न होऊन आली होती. गर्दीत मागं सरता सरता रिंगच्या सागाच्या खांबाला टेकली, आणि पिंढरीशी लुगडं चिकटलं. उधई-वाळवी लागू नये म्हणून खांबाला खाली डांबर फासलं होतं, जमिनीच्या वर वीतभर. सासूबाई आठवडाभर बोलल्या होत्या.

वच्छलानं दोरी सोडली.

आता ती रोज त्याच खांबाशी बसत होती. कुंदा त्या खांबाला धरून उभी राहायला शिकत होती. आणि कुंदाच्या हाताला, झबल्याला, तोंडाला, जिथं जगातली प्रत्येक घाण लागते तिथं, एकदाही डांबर लागलं नव्हतं.

झोपायला आलेली पोर तिनं झोळीतून उचलली, शिवणाच्या डब्यातली टेप घेतली आणि कडी न लावताच बाहेर पडली.

मैदानावर मुखरू होता. कॉलेजचा शिपाई, घरचा धानाचा शेतकरी. मैदान त्याच्याकडं होतं. ते त्यानं आपल्या खळ्यासारखं ठेवलं होतं. वर पाणी शिंपडलेलं, रेषेच्या आत खडा सापडायचा नाही.

“मुखरूभाऊ, या खांबाचं डांबर कुठं गेलं?”

“डांबर?” मुखरू हसला. “खाली हाये जी. दबलं.”

“दबलं म्हणजे?”

“आता दरसाली दिवाळी झाली का आपण मैदान नवं करतो ना, बाई. खळं करतो तसंच. चार बोटं मुरूम, त्याच्यावर बोटभर वारुळाची माती, मंग चोपणं, मंग शेणसडा. जुनं काढत नाई मी. खळं कोणी खणते का? वरून चढवा लागते. पाहा ना, कसं झालं! नागपूरचे पोट्टे आले होते, तेबी म्हणे, असं मैदान आमच्या इथी नाई.”

“आणि रिंग?”

“रिंग तिथीच हाये. रिंगले कोण हात लावते?”

वच्छलानं वर रिंगकडं पाहिलं. नागपूरचे पोट्टे! होळीच्या आधी हिशेबाबाहेरचा मैत्रीचा सामना खेळायला आले होते ते. इथं हरले, आणि हरताना त्यांचे सगळे चेंडू रिंगच्या पलीकडं जाऊन पडत होते. तिनं टाळ्या वाजवल्या होत्या. स्वतः खेळलेली बाई, वहीत पुढं-मागं लिहिणारी बाई, आणि वर मान करून रिंग किती उंच आहे हे पाहिलं नाही!

“शिडी आणा. आणि सुतळी.”

मुखरू चढला. रिंगवरून त्यानं सुतळी सोडली, वच्छलानं जमिनीशी ती चिमटीत धरली, मग खाली पसरून टेपनं मोजली. टेप पाच फुटांची. एकदा पूर्ण. दुसऱ्यांदा चार फूट तीन इंच. तिनं पुन्हा मोजली. कुंदा मुरमाचा खडा तोंडात घालायच्या बेतात होती, तो एका बोटानं काढून तिनं तिसऱ्यांदा मोजली.

रिंग दहा फुटांवर हवी. ती नऊ फूट तीन इंचांवर होती.

म्हणजे पहिलं साल सोडून पोरं दरसाल आणखी तीन-तीन इंच बुटक्या रिंगवर सराव करत होती आणि दहा फुटांच्या रिंगवर जाऊन हरत होती. ज्यानं सराव चुकवला त्याचा हात तेवढा बिघडला नव्हता. आणि ज्यानं या मैदानाबाहेर रिंग कधी पाहिलीच नव्हती, पहाटे उठून, पाय सोलून इथंच चार-चार तास सराव केला, तो सगळ्यात जास्त चुकला. त्याच्या हातात जीव नव्हता म्हणे!

“कोणी पाहिलं नाही?” ती मुखरूवर ओरडलीच. “चार वर्षांत एकानं तरी?”

मुखरूचं तोंड उतरलं. “माह्याकडून चुकलं का जी? मले कोणी सांगतलं नाई, बाई. देवाजीभाऊ तर म्हणे, आणखी चोपा.”

तिला त्याच्यावर ओरडल्याचीही चीड आली. “तुमचं नाही चुकलं. तुम्ही जाऊन यांना बोलवा. देवाजींनाही. आणि चैतूला. म्हणावं, कमिटी बसायच्या आधी इथं या.”

देवाजी आले ते गिरणीच्या जीपमधून, टोपीवर तुसाची धूळ घेऊन. संस्थेचे अध्यक्ष, तांदळाच्या गिरणीचे मालक. खांब त्यांनी दिलेला, फळी त्यांनी दिलेली. मागं नथ्थू, केसांना तेल लावलेला. गुणवंतराव जवळजवळ धावत आले. “वच्छला, हे काय? लोक पाहून राह्यले.”

“पाहू द्या. पाहायलाच बोलावलंय.”

चैतू शेवटी आला. हातात लोखंडी पेटी होती, वर दोरीनं बांधलेली घोंगडी. त्यानं पेटी खाली ठेवली नाही.

“तुला जायला कुणी सांगितलं?” वच्छला म्हणाली.

“नथ्थूभाऊनं सकाळीच सांगतलं, बाई. म्हणे, खोली खाली कर. रात्री दुसरा येते.”

वच्छला नथ्थूकडं वळली. “कमिटी बसायच्या आधीच?”

“काका म्हणे…” नथ्थूनं काकांकडं पाहिलं. काका खांबाकडं पाहत होते.

“बाई,” देवाजी सावकाश म्हणाले, “लेकरू घेऊन उन्हात कायले उभ्या राहता? जे काय हाये ते मास्तर लिहितीन ना.”

“मास्तर लिहीत नाहीत, मीच लिहिते. तुम्हालाही ठाऊक आहे.” गुणवंतरावांनी डोळे मिटले. “रिंग नऊ इंच बुटकी आहे. दरसाल तुम्ही मैदान चढवलंत, आणि रिंग तिथंच. पोरं चुकीच्या उंचीवर शिकली.”

देवाजी हसले. मोकळं, पोटभर. “बुटकी हाये तर सोपं झालं ना! बुटक्या झाडाचे आंबे कोणाले नाई सापडत? मंग हरले काऊन?”

नथ्थूही हसला. गुणवंतराव हसायच्या बेतात होते, पण वच्छलाचा चेहरा पाहून थांबले.

“मुखरूभाऊ,” ती म्हणाली, “फ्री थ्रोच्या रेषेशी खड्डा खणा. एक माणूस उभा राहील एवढा. नऊ इंच. जुनी जमीन लागेपर्यंत.”

मुखरूनं तिच्याकडं असं पाहिलं की जणू तिनं उभ्या धानात गुरं सोडायला सांगितली. “खणू? याच्यात?”

“खणा.”

“देवाजीभाऊ?”

“खण ना बापा,” देवाजी म्हणाले. “बाईची हौस होऊ दे.”

पहिली कुदळ पडली तेव्हा मुखरूनं मान फिरवली होती. तीन सालांचे थर वेगवेगळे दिसले. लाल मुरूम, करडी माती, पुन्हा लाल, पुन्हा करडी. नऊ इंचांवर चुन्याची पांढरी रेघ लागली, उद्घाटनाच्या दिवशी आखलेली फ्री थ्रोची रेघ. सगळे वाकून पाहू लागले. नथ्थू सुद्धा.

“आधी वरूनच,” वच्छला म्हणाली. “दोघंही. खड्ड्याच्या बाजूला उभे राहून दहा-दहा.”

नथ्थूनं दहात चार टाकले आणि बाही झटकली. चैतूनं पेटी ठेवली, हात धोतराला पुसले आणि दहात नऊ टाकले. चुकलेला एक कुंदा ओरडली तेव्हाचा.

“आता खड्ड्यात. इथून रिंग दहा फूट आहे. नागपूरला होती तेवढीच.”

नथ्थूनं दहात तीन टाकले. मग चैतू उतरला. पहिला चेंडू रिंगच्या पुढच्या ओठावर आपटून थेट त्याच्या पायाशी आला. दुसराही. तिसरा. चौथ्या वेळी नागपूरचे सामने पाहिलेल्या माणसांपैकी कुणालाच पुढं काय होणार ते सांगावं लागलं नाही. पाचवाही तसाच परत आला.

देवाजींनी टोपी काढली, तूस झटकलं आणि परत घातली.

“हेच,” गुणवंतराव पुटपुटले. “अगदी असंच पडत होतं.”

चैतू खड्ड्यातच उभा होता. त्यानं रिंगकडं पाहिलं, मग पायाखालच्या पांढऱ्या रेघेकडं, मग काठावरच्या थरांकडं, बोटं लावून. काहीतरी तो आपल्याच भाषेत बोलला. मग गुडघे जरा जास्त वाकवले. सहावा रिंगवर गरगरला आणि आत पडला. सातवा सरळ आत. आठवा. नववा चुकला. दहावा आत.

“पाच चेंडूंत शिकला,” वच्छला म्हणाली. “पाच! त्याला कुणी नागपूरला एक दिवस आधी नेलं असतं तर हंगाम असा गेला नसता. पण एक दिवस आधी कोण नेणार? एक टेप कोण आणणार? त्यापेक्षा जंगलातला पोरगा बुजला म्हणणं सोपं. आता सांगा, खोली कुणी खाली करायची?”

देवाजींनी खड्ड्याच्या काठावरचा मुरूम जोड्यानं आत ढकलला. मग म्हणाले, “राहू दे त्याले. परीक्षा होऊ दे. पुढच्या सालीबी राहू दे.” आणि पुतण्याकडं न बघता, “नथ्थू, पेटी उचल त्याची. जिथून काढली तिथी नेऊन ठेव.”

“मी?”

“मंग का मी उचलू?”

नथ्थूनं पेटी उचलली. देवाजी वच्छलाजवळ आले, आवाज खाली आणला. “बाई, झालं ना तुमच्या मनासारखं? आता ते नऊ इंच वार्षिकात नको. चांद्या-नागपूरपर्यंत जाते ते पुस्तक. हसतीन लोक आपल्याले. लिहा ना, पुढच्या साली जोमानं खेळू वगैरे.”

“तो बुजला हे नागपूरपर्यंत छापून गेलं असतं, तेव्हा नसते हसले लोक?”

देवाजींनी गुणवंतरावांकडं पाहिलं, गुणवंतरावांनी शिट्टीकडं. जीप निघून गेली. मुखरू खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला होता, एक ढेकूळ हातात घेऊन चुरत. “आता सारंच काढा लागन का जी?” त्यानं विचारलं. “का रिंगच वर करू?”

“रिंगच वर करा, मुखरूभाऊ. मैदान राहू द्या. मैदान चांगलं आहे.”

चैतू खड्ड्यातून वर आला. वच्छलाला वाटलं, तो काहीतरी चांगलं बोलेल. त्याच्या तोंडावर तसं काही नव्हतं.

“बाई,” तो म्हणाला, “तुमी बी वरडल्या होत्या.”

गुणवंतराव पुढं झाले. “अरे, तुझ्यासाठी एवढं…”

“थांबा तुम्ही,” वच्छला म्हणाली. “हो. ओरडले होते.”

“हातात जीव नाई म्हणल्या. मी जोर लावला मंग. सारं बिघडलं.”

“हो.”

“तुमाले त खेळ समजते. देवाजीले नाई समजत, त्याचं मी मनात नाई घेतलं. तुमचं घेतलं.”

एवढं बोलून तो चेंडू उचलायला गेला. माफी मागायला वच्छलानं तोंड उघडलं, पण तो खड्ड्यात उतरला होता आणि गुडघे वाकवून मोजत होता. तिनं कुंदाच्या तोंडातला आणखी एक खडा काढला आणि घरी आली.

पाच वाजेपर्यंत आढावा झाला. आठ सामने, आठ पराभव. मैदान कसं चढलं, रिंग कशी राहिली, इंच न् इंच. सराव चुकवणारा कप्तान का झाला, हेही. आणि शेवटी: ‘अखेरच्या सामन्यात रेषेवरून एक बाई ओरडल्या. खेळाची जाण असलेल्या त्या एकट्याच होत्या, आणि रिंगची उंची त्यांनीही कधी मोजली नव्हती. त्यांच्या ओरडण्यानं आमच्या सर्वांत मेहनती खेळाडूचा हात बिघडला. त्यांनी त्याची माफी मागायला हवी, आणि ती त्या इथं मागत आहेत.’

गुणवंतरावांनी उभ्यानं वाचलं. नथ्थूच्या ओळीशी त्यांना घाम फुटला. शेवटाशी ते थांबले.

“हे कशाला? हे कोण विचारतंय? माझ्या नावावर हे असं बाईचं ओरडणं आणि माफी…”

“बरोबर,” वच्छला म्हणाली. झोळीची दोरी तिच्या पायाच्या अंगठ्याला होती, हात मोकळे होते. तिनं कागद त्यांच्या हातातून घेतला, खालचं ‘प्रा. गुणवंतराव, क्रीडाप्रमुख’ आडवी रेघ मारून खोडलं आणि त्याखाली आपलं नाव लिहिलं.

“न्या आता,” ती म्हणाली. “कमिटी बसली असेल.”